झाड शेजाऱ्याच्या गाडीवर पडलं. भरपाई द्यावी लागेल का?

प्रश्न: सांगलीत आमचं स्वतंत्र घर आहे. कंपाउंडच्या आत जुना गुलमोहर होता, रस्त्यावर झुकलेला. मे महिन्यात वळवाच्या वादळात तो मुळासकट उलटला आणि रस्त्यावर लावलेल्या शेजाऱ्यांच्या गाडीवर पडला. कुणाला लागलं नाही, पण गाडीचा टप चेपला, काच फुटली. आता त्यांच्या वकिलांची नोटीस आली आहे : १५ दिवसांत ३ लाख ४० हजार रुपये द्या. वादळ काय मी आणलं? नोटीस, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि महापालिकेला जानेवारीत दिलेला अर्ज जोडला आहे.

उत्तर: ताई, सगळे कागद पाठवलेत हे फार बरं केलंत. नुसत्या नोटिशीवरून कुणीही तुम्हाला ‘नैसर्गिक आपत्ती आहे, काही होत नाही’ असं सांगून मोकळं झालं असतं. कागद वाचल्यावर तसं सांगता येत नाही.

अपकृत्यांचा, म्हणजे टॉर्टचा कायदा (एकाच्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई कधी द्यायची ते सांगणारा) आपल्याकडे एका अधिनियमात बांधलेला नाही. तो बहुतांशी न्यायालयांच्या निकालांतून आला आहे, आणि बचावही तिथेच शोधावे लागतात. तुम्ही म्हणता तो बचाव ‘देवाची करणी’ या नावाने ओळखला जातो. तो मिळायला दोन गोष्टी लागतात : घटना निसर्गाची हवी, आणि ती इतकी असाधारण हवी की शहाण्या माणसाने तिची तजवीज करून ठेवावी अशी अपेक्षाच करता येऊ नये. इंग्लंडमध्ये १८७६ साली एका जमीनमालकिणीला हा बचाव मिळाला, कारण तिथल्या माणसांच्या आठवणीत नव्हता असा पाऊस पडून तिची तळी फुटली होती. मे महिन्यातला वळीव सांगलीला नवा आहे का? त्या दिवशी वाऱ्याने खरोखर कहर केला असेल, भागातली धडधाकट झाडंही उन्मळली असतील, तर हवामान खात्याची नोंद आणि अग्निशमन दलाकडच्या त्या दिवशीच्या वर्दींचा तपशील मिळवा. त्याशिवाय या बचावावर भिस्त ठेवू नका. तो सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर आहे.

न्यायालय खरं पाहील ते वादळाच्या आधीचं. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून बघा. राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड अचानक पडून पायी जाणारा माणूस गेला. १९९७ साली न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं नाही. दिल्लीत स्कूटरवरून जाणाऱ्याच्या डोक्यावर कडुनिंबाची फांदी पडली; ते झाड वाळून गेलेलं होतं, बघणाऱ्याला कळत होतं, आणि १९९९ साली महापालिकेला भरपाई द्यावी लागली. दोन्हीकडे कारण झाडच. दिल्लीत धोका दिसत होता. खासगी मालकाच्या बाबतीतही, झाडाचा दोष आतला आणि न दिसणारा असेल तर मालक सुटतो, असं १९२६च्या एका इंग्रजी निकालात आहे. तिथे तर फांदी गाडीवरच पडली होती.

आता तुमचं व्हॉट्सॲप. ऑक्टोबरमध्ये शेजाऱ्यांनी लिहिलंय, ‘गुलमोहर रस्त्याकडे कललाय, बुंध्याला भोक पडलंय, बघून घ्या.’ सोबत फोटो. त्यावर तुमचा अंगठा आणि ‘दिवाळी झाली की माणूस बोलावते.’ हा एक संदेश ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव संपवतो. तो पुसू मात्र नका. त्यांच्या फोनमध्ये तो आहेच, आणि पुसल्याचं दिसलं की तुमच्या प्रत्येक शब्दावर शंका येईल.

जानेवारीचा अर्ज तुमच्या बाजूचा आहे, पण अर्धाच. शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. १९७५चा महाराष्ट्राचा वृक्ष संरक्षण कायदा आडवा येतो. म्हणजे ‘मी परवानगी मागितली होती, उत्तर आलं नाही’ हे तुम्ही म्हणू शकता, आवक शिक्का स्पष्ट आहे. फक्त अर्जात तुम्ही लिहिलंय, ‘शेंगा व पाला पडून गच्चीचं पन्हाळं तुंबते, तरी छाटणीस परवानगी मिळावी.’ धोक्याचा शब्द नाही. समोरचा वकील विचारेल, बुंध्याचं भोक माहीत असताना पन्हाळ्याचीच काळजी का? आणि चार महिन्यांत एकदाही पाठपुरावा का नाही? याची उत्तरं आताच शोधून ठेवा. फोन केले असतील, चकरा मारल्या असतील, तर तारखा आठवून लिहा.

तुमचा खरा आधार शेजाऱ्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या त्याच फोटोत आहे. नीट मोठा करून बघा : खालच्या कोपऱ्यात गाडीचं बॉनेट दिसतंय. गाडी शेजाऱ्यांचीच असेल, तर झाड धोक्याचं आहे हे ज्यांनी लेखी कळवलं, तेच गाडी त्याखाली लावत होते, आणि पुढे सात महिने लावत राहिले. याचा अर्थ त्यांनी धोका राजीखुशीने पत्करला, असं मात्र न्यायालय म्हणेलसं मला वाटत नाही. मोटार शर्यत बघायला तिकीट काढून गेलेला प्रेक्षक इंग्लंडमध्ये १९३२ साली त्या बचावापुढे हरला खरा, पण धोका माहीत असणं वेगळं आणि तो मान्य करणं वेगळं. सार्वजनिक रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने तो मान्य केला असं सहजी धरत नाहीत. परंतु त्यांचाही निष्काळजीपणा नुकसानीला हातभार लावणारा ठरू शकतो, आणि त्या प्रमाणात रक्कम कापली जाते. त्यांचं स्वतःचं पोर्च मोकळं होतं का, रस्त्यावर झाडाखाली पार्किंगला मनाई आहे का, हे पाहा. किती टक्के, हे न्यायाधीश ठरवतील. मी आकडा सांगून तुम्हाला खोटी आशा लावणार नाही.

रकमेवरही बोलू. नोटिशीत दुरुस्तीचं बिल, गाडी नसल्याने झालेला खर्च आणि ‘मानसिक त्रास’ असं सगळं एकात घातलंय. गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल आणि कंपनीने पैसे दिले असतील, तर तेवढीच रक्कम पुन्हा तुमच्याकडून उकळता येत नाही. कंपनी मात्र त्यांच्या जागी उभी राहून मागू शकते. उत्तरात पॉलिसीची, क्लेमची आणि बिलांची प्रत मागाच. या एका मागणीने बऱ्याच नोटिशींची हवा निघते, असा माझा अनुभव आहे.

१५ दिवसांची मुदत त्यांनी स्वतः घातली आहे, कायद्याने नव्हे. दावा लावायला त्यांना तीन वर्षं आहेत. पण उत्तर वेळेत द्या, आणि स्थानिक वकिलाकडून द्या. त्यात ‘छाटायचं राहून गेलं’ असलं भाबडं वाक्य येऊ देऊ नका. दाव्याचं समन्स आलं तर कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. न्यायालय कारण पाहून ९० दिवसांपर्यंत वाढवतं.

माझं मत विचाराल तर हा खटला तुम्ही पूर्ण जिंकणार नाही, आणि ते पूर्ण ३ लाख ४० हजारही घेऊन जाणार नाहीत. विम्याचे कागद आल्यावर, उरलेल्या खऱ्या दुरुस्ती खर्चाचा काही भाग ‘हक्क राखून’ देऊ करा, म्हणजे तो प्रस्ताव कबुली म्हणून वापरला जाणार नाही. तोवर अंगणातला बुंधा खणून काढू नका. त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, भोक किती खोल होतं ते टेप लावून मोजा, आणि जमल्यास कृषी महाविद्यालयातल्या एखाद्या जाणकाराकडून लेखी मत घ्या. मूळ सडलेलं होतं की निरोगी, यावर ‘देवाची करणी’ उभी राहते की कोसळते ते ठरेल.