चालायला लागल्यावर रक्त पातळ करणारी गोळी थांबवावी का?

आईच्या गुडघ्याचे सांधेरोपण होऊन आठवडा झाला, त्या वॉकर धरून घरभर फिरतात, तेव्हा रक्त पातळ करणारी गोळी आता बंद केली तर चालेल का, आणि वडिलांना खुब्याच्या सांधेरोपणानंतर तीच गोळी पाच आठवडे का दिली होती, असे आपण विचारले आहे. अस्थिरोग विभागात अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर मी ठामपणे सांगेन, की डॉक्टरांनी दिलेली मुदत संपेपर्यंत गोळी स्वतःहून बंद करू नका.

चालण्यामुळे पायातले रक्त साचून राहत नाही, हे खरे आहे. परंतु रक्त साचणे हे गुठळीचे केवळ एक कारण आहे. शस्त्रक्रियेत शिरांना ताण बसतो, आणि जखम भरून काढण्यासाठी रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती पुढे काही आठवडे वाढलेली राहते. गुडघ्यानंतरच्या गुठळ्या बहुधा पहिल्या एकदोन आठवड्यांत लक्षात येतात, खुब्यानंतरच्या मात्र रुग्ण घरी रुळल्यावरही उद्भवतात. म्हणूनच रिव्हारोक्साबान १० मिलिग्रॅम रोज एकदा, ही गोळी गुडघ्यासाठी साधारण २ आठवडे आणि खुब्यासाठी ३५ दिवस दिली जाते.

'त्याऐवजी अॅस्पिरिन घेतली तर?' हा प्रश्न हमखास येतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पहिले ५ दिवस रिव्हारोक्साबान आणि नंतर अॅस्पिरिन, हा क्रम पुरेसा ठरला. उलट २०२२ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत सुरुवातीपासून फक्त अॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये ९० दिवसांत ३.४५ टक्के जणांना त्रासदायक गुठळ्या झाल्या, तर एनॉक्सापॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये १.८२ टक्के जणांना. तेव्हा हा बदल रुग्णाचा पूर्वेतिहास पाहून डॉक्टरांनीच करावा.

इंजेक्शन घरी देत असाल, तर पोटाची त्वचा चिमटीत धरून सुई सरळ आत घालावी, भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढून टाकू नये, आणि नंतर ती जागा चोळू नये. चोळल्याने काळेनिळे डाग वाढतात. डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके मनाने जोडू नयेत, कारण त्यांमुळे रक्तस्रावाची शक्यता वाढते. एखादी गोळी राहिली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

शस्त्रक्रिया झालेल्या पायाला सूज असतेच, त्यामुळे घरच्यांचा गोंधळ होतो. पाय उंच ठेवल्यावर उतरणारी सूज सहसा काळजीची नसते. मात्र सूज वाढतच गेली, पोटरी दुखू लागली किंवा गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि तोपर्यंत पोटरीला मालिश अजिबात करू नये. एकाएकी धाप लागणे, श्वास घेताना छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा भोवळ येणे, ही गुठळी फुप्फुसात गेल्याची लक्षणे असू शकतात. तेव्हा फोनवर सल्ला विचारत न बसता रुग्णाला थेट तातडीच्या विभागात न्यावे. शौच काळे होऊ लागले किंवा जखमेतून रक्त थांबेना, तरीही गोळीचा पुढचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.