एआयच्या इतिहासात फ्रँक रोझेनब्लॅट यांचं नाव मागे का पडलं?

ट्युरिंग, मॅकार्थी, मिन्स्की ही नावं सगळीकडे दिसतात, मग रोझेनब्लॅट यांनी नेमकं काय केलं आणि ते विस्मरणात का गेले, असं तुम्ही विचारलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो: आजचं एआय ज्या वंशातलं आहे, त्याचा मूळ पुरुष हाच माणूस.

गंमत म्हणजे ते इंजिनिअर नव्हते. कॉर्नेल विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेले. १९५८ साली त्यांनी 'पर्सेप्ट्रॉन', म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या धर्तीवर चुकांतून चित्र ओळखायला शिकणारी रचना, मांडला आणि पुढे त्याचं खरंखुरं यंत्र उभं केलं, मार्क वन. मी कोल्हापुरात उद्यमनगरात मशीनची कंट्रोल पॅनेल दुरुस्त करतो, त्यामुळे मला सिद्धांतापेक्षा हे यंत्रच जास्त भावतं. समोर २० बाय २० असे ४०० फोटोसेल, म्हणजे त्याचे डोळे. आणि शिकलेलं साठवायला काय? पॉट! रेडिओचा आवाज कमीजास्त करतो तोच पोटेन्शिओमीटर, प्रत्येकाला फिरवायला इलेक्ट्रिक मोटर. उत्तर चुकलं की मोटरी पॉट थोडे फिरवणार, बरोबर आलं की हात लावायचा नाही. आपल्या मार्केट यार्डात गुळाचा जुना व्यापारी असाच तयार होतो. रंगाला किती मान द्यायचा, कडकपणाला किती, हे त्याला कुणी सूत्रात सांगत नाही. फसलेला प्रत्येक सौदा ते प्रमाण थोडं सरकवतो.

आजच्या एआयमध्ये पॉटच्या जागी अब्जावधी आकडे असतात आणि तेही चुकीतूनच सरकतात. फक्त मोटरी गेल्या.

मग घोडं अडलं कुठं? एकाच थराच्या, म्हणजे डोळ्यांपासून उत्तरापर्यंत शिकणाऱ्या पॉटची एकच रांग असलेल्या, पर्सेप्ट्रॉनला जिन्यातला दिवा समजत नाही. वरचं एक बटण, खालचं एक. दोन्हींची स्थिती सारखी असेल तर दिवा बंद, वेगळी असेल तर चालू. एवढं साधं कोडं, पण कुठलाही पॉट कसाही फिरवा, जुळणार नाही. १९६९ साली मिन्स्की आणि पेपर्ट या एआय संशोधकांनी अशा मर्यादांचं गणितच पुस्तकात मांडलं आणि या विषयावरून लोकांचं मन उडालं. मिन्स्की आणि रोझेनब्लॅट एकाच शाळेचे विद्यार्थी, ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्सचे!

सगळं खापर त्या पुस्तकावर फोडणं मला पटत नाही. १९५८ मध्येच वर्तमानपत्रांनी हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, स्वतःसारखं दुसरं यंत्र तयार करेल, इथपर्यंत छापलं होतं, आणि रोझेनब्लॅट यांनीही ती हवा काढायचे फारसे कष्ट घेतले नाहीत. पण एकाहून जास्त थर लागतील हे त्यांना ठाऊक होतं. १९६२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी चूक मागच्या थरांकडे पोहोचवण्याचा विचारही केलाय. तो नीट चालवायची रीत तेवढी हाती लागली नाही. ती १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखामुळे सर्वदूर पोहोचली.

तोवर रोझेनब्लॅट नव्हते. ११ जुलै १९७१, त्यांचा ४३ वा वाढदिवस. त्याच दिवशी चेसापीक उपसागरात बोटीच्या अपघातात ते गेले. वाद घालायला, 'बघा, म्हटलं होतं ना' म्हणायला माणूसच उरला नाही. नाव मागे पडण्याचं हे कारण मला सगळ्यात मोठं वाटतं.

आता आयईईई ही इंजिनिअरांची जागतिक संस्था त्यांच्या नावाने पुरस्कार देते, आणि मार्क वन अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी येत असेल तर पर्सेप्ट्रॉन स्वतः लिहून बघा, वीसेक ओळींत होतो.