रविवारची पाच मिनिटे आणि जुनी क्रूझर

प्रश्न : माझ्याकडे २०१२ साली घेतलेली रॉयल एन्फील्डची थंडरबर्ड ३५० आहे. आम्ही कोलशेत रस्त्यावरील एका सोसायटीत राहतो आणि गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उभी असते. पूर्वी रोज तिच्यावरूनच कामाला जात असे. कार्यालय वांद्र्याला हलल्यापासून लोकलने जातो. गाडी उभी राहून खराब होऊ नये म्हणून दर रविवारी न चुकता पाच मिनिटे चालू करून ठेवतो. तरीही दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलाव्या लागल्या, सकाळी सेल्फ घेत नाही, चालू झाली तरी बराच वेळ चोकवरच राहते आणि आता सायलेन्सरला खालच्या बाजूने भोक पडले आहे. गाडी जेमतेम ४८ हजार किलोमीटर चालली आहे. गॅरेजवाले नवा कार्बोरेटर टाकायला सांगतात आणि घरचे गाडी विकायला सांगतात. काय करावे?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : गाडी विकू नका, आणि कार्बोरेटरही इतक्यात बदलू नका. आपल्या पत्रातील बहुतेक सगळ्या तक्रारी एकाच ठिकाणाहून आल्या आहेत आणि ते ठिकाण म्हणजे ज्या सवयीमुळे गाडी वाचते आहे असे आपल्याला वाटते, ती रविवारची पाच मिनिटे. ही सवय आपल्या एकट्याची नाही. ठाण्यातील कोणत्याही मोठ्या सोसायटीत रविवारी सकाळी खाली उतरलात तर दोन-तीन गाड्या स्टँडवर उभ्या राहून धूर सोडताना दिसतात. त्यामागची काळजी खरी असते, म्हणूनच तिच्यामुळे होणारे नुकसान जरा सविस्तर सांगतो.

पेट्रोल जळते तेव्हा धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते, आणि तिचे प्रमाण ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते : एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी होते. गाडी रस्त्यावर अर्धा तास चालली की सायलेन्सर इतका तापतो की ही वाफ त्यात न थांबता बाहेर पडते. पाच मिनिटांत मात्र फक्त इंजिनालगतचा बेंड पाइप तापतो. मागचा लांब सायलेन्सर थंडच राहतो, वाफेचे पाणी होऊन ते तळाशी साठते आणि पुढच्या रविवारी त्यात आणखी भर पडते. क्रूझरचा सायलेन्सर लांब आणि जवळजवळ आडवा असल्यामुळे हे पाणी सहजी निघूनही जात नाही. भोक खालूनच पडले, याचे कारण हेच. मी स्वतः माझ्या जुन्या गाडीबाबत दोन पावसाळे हीच चूक केली होती. शेवटी सायलेन्सर काढून उभा धरला, तेव्हा त्यातून वाटीभर तांबूस पाणी निघाले आणि पाठोपाठ गंजाच्या पापुद्र्यांचा चुरा पडला. ते पाणी पाहिल्यापासून मी गाडी कधीही नुसती चालू करून ठेवलेली नाही.

हेच पाणी थोड्या प्रमाणात पिस्टनच्या कडेने इंजिनाच्या तेलातही उतरते. तेल भरण्याचे टोपण उघडून त्याची आतली बाजू पाहा. तिथे दुधावरच्या सायीसारखा पिवळट थर दिसला तर तेलात ओलावा आहे असे समजावे. ते तेल किती किलोमीटर चालले आहे याचा विचार न करता बदलून टाकावे.

बॅटरीचेही तसेच. सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढा करंट एकदम ओढला जातो, तेवढा भरून काढायला इंजिन मध्यम वेगात बराच वेळ फिरावे लागते. आयडलिंगला चार्जिंग जेमतेम होते, म्हणजे आपण दर रविवारी बॅटरीतून काढत होतात जास्त आणि परत करत होतात कमी. अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि मग नवी बॅटरीही वर्षभरात हात टेकते. एखादा साधा मल्टिमीटर घरी आणून ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या खाली असेल तर चार्जरला लावावी. इंजिन चालू असताना रेस थोडी वाढवल्यावर हा आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान गेला पाहिजे. तो जात नसेल तर दोष चार्जिंगमध्ये आहे आणि तिसरी बॅटरी घेऊनही उपयोग होणार नाही.

आता कार्बोरेटर. गाडी उभी राहिली की कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या फ्लोटच्या वाटीतील थोडेसे पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते. आयडलिंगला पेट्रोल पुरवणाऱ्या पायलट जेटचे छिद्र सुईच्या टोकाएवढे बारीक असते. ते अर्धवट बुजले की थंड इंजिनाला पुरेसे पेट्रोल मिळत नाही आणि गाडी चोकवर रेंगाळते. थंड इंजिनाला चोक लागणे हा दोष नव्हे. इंजिन तापल्यावरही तो लागत असेल तर हे जेट पाहावे. यासाठी नवा कार्बोरेटर नको, उघडून स्वच्छ करणे पुरे. काम समोर उभे राहून करून घ्यावे आणि जेटमध्ये लोखंडी तार घालू देऊ नये. क्लीनर मारून कंप्रेसरच्या हवेने साफ करायला सांगावे. त्याच वेळी वाटीचे ओ-रिंग आणि पेट्रोलचा पाइप नवा घालावा. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते, आणि इथेनॉल हवेतील ओलावाही ओढून घेते. पेट्रोलचा पाइप बोटांनी दुमडून पाहा; बारीक भेगा दिसल्या तर तो त्याच दिवशी बदला. खर्च किरकोळ आहे आणि तो पाइप गरम इंजिनाच्या डोक्यावर असतो.

यापुढे आठवड्यातून एकदा, निदान पंधरा दिवसांतून एकदा, गाडी खरोखर चालवावी. पहाटे निघून कळवा-विटाव्यावरून ऐरोली गाठून परत आलात तरी वीस-पंचवीस किलोमीटर होतात आणि तेवढ्यात इंजिन, सायलेन्सर आणि बॅटरी या तिघांचेही काम होते. घोडबंदर रस्त्यावर वाहतुकीत अडकून घालवलेला तासभर यात धरू नये. इंजिन तापते, पण गाडी चालत नाही. महिनाभर जमणारच नसेल तर ती चालूच करू नये. टाकी पूर्ण भरावी, फ्लोटच्या वाटीखालचा स्क्रू सोडून तिच्यातले पेट्रोल काढून टाकावे, बॅटरी घरात आणून ठेवावी, टायरमध्ये हवा भरून गाडी मेन स्टँडवर घ्यावी. दोन-तीन महिन्यांपेक्षा जुने पेट्रोल मात्र टाकीत राहू देऊ नये.

विकण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. या इंजिनासाठी ४८ हजार किलोमीटर हे काही वय नव्हे. थंडरबर्डचे उत्पादन २०२० मध्ये थांबले आणि तिच्या जागी मीटिओर आली, तरी आपल्या गाडीचे यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेले) इंजिन त्या काळच्या क्लासिक ३५० चेच असल्यामुळे इंजिनाचे सुटे भाग ठाण्यात सहज मिळतात. अडचण होते ती टाकी, मीटर, साइड पॅनेल अशा फक्त थंडरबर्डच्याच भागांची. ते जपावेत आणि सुस्थितीतील जुने भाग कोठे दिसले तर घेऊन ठेवावेत. या इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक आहेत, म्हणजे ते आपोआप जुळवून घेतात; त्यामुळे सर्व्हिसिंगच्या बिलात ‘टॅपेट सेटिंग’ लिहिलेले आढळले तर नक्की काय केले, हे अवश्य विचारावे. इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात फिरतात, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ अशी खूण असलेलेच तेल घालावे. कारचे तेल घातले तर क्लच घसरू लागतो.

उभ्या गाडीचे आयुष्य किलोमीटरने मोजले की फसगत होते. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३१४ असेल तर तो २०१४ च्या २३ व्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी इतक्या जुन्या टायरचे रबर कडक झालेले असते आणि पहिल्या पावसात घसरते. ब्रेक ऑइलही दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतील पाणी शोषते. आणखी एक तपासणी घरीच होते : मेन स्टँडवर पुढचे चाक उचलून हँडल दोन बोटांनी सावकाश फिरवावे. अगदी सरळ रेषेत आल्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडखळले, तर कोन सेट, म्हणजे हँडलच्या मुळातील बेअरिंग, गेला आहे. खड्ड्यांतून बरीच वर्षे चाललेल्या जड गाडीत हे हमखास आढळते.

प्रश्न : माझ्या बजाज अ‍ॅव्हेंजरची पंधरा वर्षांची नोंदणी लवकरच संपते आहे. गाडी एमएच-०४ ची, म्हणजे ठाण्यात नोंदलेली आहे आणि मी आता ऐरोलीत राहतो. गाडी भंगारात द्यावी लागेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : मुळीच नाही. मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो; निरीक्षक गाडी तपासतात आणि ती योग्य ठरली की नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी वाढते. पंधरा वर्षांनंतरचा पर्यावरण कर भरावा लागेल. विमा आणि पीयूसी चालू असू द्या आणि एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर प्लेट बसवून घ्या. आपला पत्ता बदललेला असल्यामुळे आरसीवरील पत्त्याचा बदल नवी मुंबईच्या आरटीओ कार्यालयात आधी करून घेतलेला बरा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला असेल तर तपासणीपूर्वी मूळचा लावा. तो फेकून दिला असेल तर शोधायला आजच लागा, कारण यातच लोकांचे सर्वाधिक दिवस जातात.

प्रश्न : २०११ ची अ‍ॅव्हेंजर २२० आहे. नेरुळला खाडीजवळ राहतो. कितीही पुसली तरी क्रोमवर तांबूस ठिपके येतात आणि स्पोक गंजले आहेत. कव्हर घालूनही फरक पडत नाही.
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : कव्हर घालूनही नव्हे, बहुधा कव्हरमुळेच. खाडीवरून येणाऱ्या हवेतील क्षार गाडीवर बसतात आणि प्लास्टिकच्या कव्हरखाली ओलावा कोंडला की ते क्षार रात्रभर काम करत राहतात. पावसातून आलेली गाडी ओली असताना कधीच झाकू नये. आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून, सुती चादर टाकली तरी पुष्कळ फरक पडेल. धुताना प्रेशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर किंवा हँडलच्या मुळाशी थेट मारू देऊ नये, आणि इंजिनापुढील ऑइल कूलरच्या जाळीतला चिखल मऊ ब्रशने काढावा.

क्रोमचा थर अतिशय पातळ असतो आणि त्यातील सूक्ष्म छिद्रांतून खालचे लोखंड गंजते. स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला तर ठिपके निघतात आणि क्रोमला ओरखडे पडत नाहीत. नंतर कोरडे करून मेणाचे पॉलिश लावावे. जिथे क्रोमचे पापुद्रे सुटले आहेत, तिथे नव्याने प्लेटिंग करण्याखेरीज उपाय नाही.

स्पोकचा प्रश्न दिसण्याचा नाही, म्हणून तो आधी हाती घ्यावा. चाक जमिनीवरून उचलून हळूहळू फिरवत प्रत्येक स्पोकवर स्क्रूड्रायव्हरने टिचकी मारा. ताणलेला स्पोक टणत्कार देतो, सैल झालेला बद्द वाजतो. दोन-चार बद्द वाजले तर चाक ट्रूइंगला, म्हणजे स्पोक ताणून सरळ करायला द्या. निपल (स्पोकच्या टोकाचे नट) गंजून घट्ट बसले असतील तर जोर लावून फिरवू देऊ नका, कारण स्पोक तिथेच तुटतो. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. पाचहून अधिक स्पोक तुटलेले किंवा मुळाशी खाल्लेले निघाले, तर त्या चाकाचा पूर्ण संच नवा घालावा आणि टायर उतरवलेलाच आहे तर ट्यूब आणि रिम टेपही त्याच वेळी बदलून घ्यावी.