जपानी किचन टॉवेलच्या कडा शिवून घ्याव्यात का?

होकुसाई या जुन्या जपानी चित्रकाराच्या लाटेचं चित्र असलेला जपानी टॉवेल मिळालाय, टोकांची सुतं निघतायत, शिवून घेऊ की फ्रेम करू, असं विचारलंय तुम्ही. शिवू नका. अजिबात नका.

आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहायचो तेव्हा पुण्याच्या पहिल्या फेरीत नणंदेसाठी मी असाच तेनुगुई नेला होता. टॉवेल म्हणतात पण असतो आपल्या पंच्यासारखा, पातळ सुती, साधारण ३५ बाय ९० सेंटीमीटर. त्यावर हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराचं १८५७ सालचं चित्र, पुलावर अचानक सर आलीय आणि माणसं छत्र्या, टोप्या सावरत पळतायत. तासभर दुकानात उभी राहून निवडलेला. ताईंनी उलगडला, कड चाचपली, एक सूत ओढलं आणि सगळ्यांसमोर, "अगं, ताग्यातून फाडून आणलास की काय?" सासूबाई हसल्या, नवरापण हसला, ते मी विसरलेले नाही. पुढच्या फेरीत बघते तर चारी बाजूंनी पिको! गुलाबी दोऱ्याने! लांब बाजूंना तर मुळात किनार असतेच, तिथेपण!

अहो, ती टोकं मुद्दाम उघडी ठेवतात. शिवण नसली की तिथे पाणी, मळ साचत नाही आणि कापड भराभर वाळतं. सुरुवातीच्या काही धुण्यांत सुतं निघतात, ती ओढायची नाहीत, कात्रीने कापायची, छोटीशी झालर झाली की आपोआप थांबतं. हे तेव्हाही सांगितलं होतं, "हो का" एवढंच उत्तर मिळालं.

फ्रेमचं म्हणाल तर तुमची मर्जी, पण ही चित्रं काही देव्हाऱ्यातली नव्हेत. लाकडी ठशांवरून हजारोंनी छापायचे, वाडगाभर सोबा नूडल्सच्या आसपासच्या भावात साधी माणसं विकत घ्यायची. खुशाल भांडी पुसा, पोळ्या गुंडाळा.

हां, पोळ्यांच्या आधी दोन-तीनदा वेगळा धुवा, रंग जातो, निळा तर हमखास. आणि मागून फिका दिसला तर फसवलं म्हणू नका. चुसेन पद्धतीत कापडाच्या घड्यांवर रंग ओतून आरपार नेतात, म्हणून दोन्हीकडून चित्र सारखं, पण इतक्या बारीक रेषांची चित्रं बहुतेक एकाच बाजूने छापलेली असतात.

ताईंनी सध्या त्याने मिक्सर झाकलाय. छापील बाजू आत.