डिझेल फिल्टर बदलल्यावर ट्रक सुरूच होत नाही, मिस्त्री म्हणतो पंप गेला. काय करू?

भाऊ, पंप (इंजिनाच्या नोझलला दाबानं डिझेल देणारा मोठा पंप) उतरवू देऊ नका. निदान आजचा दिवस तरी.

तुम्ही लिहिलंय की 2012 ची दहाचाकी आहे, साधा पंप आहे. टाकी धुतली, दोन्ही फिल्टर बदलले, गाडी संध्याकाळपर्यंत चालली. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. एकदा सुरू झाली ती दहा सेकंदांत फडफडून बंद पडली. डिझेल कुठेच गळत नाही.

काल संध्याकाळपर्यंत लोड ओढणारा पंप उभ्या गाडीत रातोरात मरत नाही. गाडीनं हवा धरली आहे. आणि गळत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाकडे देणारा छोटा पंप म्हणजे फीड पंप. टाकीपासून त्याच्यापर्यंत डिझेल ओढलं जातं. त्या बाजूला बारीक फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. इंजिन चालू असताना ती थोडीथोडी हवा खपून जाते. गाडी रात्रभर उभी राहिली की पाईपातलं डिझेल टाकीकडे परततं, आणि सकाळी पंपाच्या तोंडाशी नुसती हवा असते.

मला हे इतकं पाठ आहे कारण आमच्या घरात यावरून भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

2011 चा मार्च. मृग बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारातून हैदराबादला जायची होती. त्याच दुपारी कापसीला दादानं स्वतः फिल्टर बदलले. फीड पंपाची जाळी साफ करायला बँजो (पाईप जोडायचा पोकळ बोल्ट) खोलला आणि तांब्याचा जुनाच वायसर परत लावून आवळला. आमच्याकडे अठरा वर्षांचा एक पोरगा हेल्पर होता. तो म्हणाला, "भाऊ, वायसर जुनाच हाय." दादा म्हणाला, "तू मले शिकवशीन का?" मी तिथेच उभा होतो, गप्प राहिलो.

तणस घालून संत्री भरली, गाडी निघाली. ड्रायव्हर जामच्या चौरस्त्यावर झोपला. सकाळी गाडी सुरू होईना. तिथल्या मिस्त्रीनं पाच मिनिटांत पंप गेल्याचं सांगितलं. पाईपातली हवासुद्धा काढून बघितली नाही. पंप उतरवला, बसमध्ये टाकून नागपूरला पंप-नोझलवाल्याकडे आणला. दुपारी उन्हात माल दुसऱ्या गाडीत पलटवला. खालचा थर दबून पाणी सुटलं होतं, व्यापाऱ्यानं भाड्यातून पैसे कापले. पंपाचे चौदा हजार वेगळे. तिसऱ्या दिवशी पंप बसवला आणि गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली.

दादाचा पुरावा हाच. "पंप केला म्हणून सुरू झाली." पण पंप बसवणाऱ्यानं सगळे वायसर नवे टाकले होते आणि हवा काढली होती, ते का मोजायचं नाही? बँजोखालचा तो जुना वायसर मी उचलून ठेवला. त्यावर नख फिरवलं की खाच लागते. आणि ठपका कुणावर आला? हेल्परवर. त्यानं नट नीट आवळला नाही म्हणे. त्याला त्या आठवड्यात काढलं. जो खरं बोलला तोच गेला, याचा राग मला आजही येतो.

दोन वर्षांनी दुसरी गाडी बुटीबोरीला अशीच उभी राहिली. सर्व्हिस नुकतीच झालेली, तीच लक्षणं. मी पंपाला हात लावला नाही. डिझेलचा कॅन वर टांगला, त्यातून पारदर्शक नळी थेट फीड पंपाला जोडली, हवा काढली. गाडी सुरू झाली आणि चालू राहिली. म्हणजे पंप ठीक, दोष त्याच्या मागे. वायसर बदलले, परत हवा काढली, तासाभरात गाडी रस्त्यावर. दादा म्हणतो त्या गाडीची गोष्ट वेगळी. वेगळी कशी ते सांगत नाही.

तुम्हीही आधी कॅनचं करा. नळीत बुडबुडे दिसले नाहीत आणि इंजिन नीट चाललं, तर टाकीपासून फीड पंपापर्यंतचा प्रत्येक जोड, पहिल्या फिल्टरचं रबर आणि बँजोचे वायसर बघा. एकदा दबलेला तांब्याचा वायसर कडक होतो, परत नीट बसत नाही. रस्त्यात नवा मिळाला नाही तर लाल होईपर्यंत तापवून थंड करा, मऊ पडतो. टाकी धुतली आहे, तर आत फडकं राहून पाईपाच्या तोंडाला चिकटलंय का तेही बघा.

हवा काढणं तुम्हाला येतच असेल. फिल्टरच्या स्क्रूपासून सुरुवात करा, मग पंपाचा, शेवटी नोझलचे दोन नट ढिले करून सेल्फ. इंजिनावरचा डिझेलचा हातपंप घाईघाईनं दहा वेळा दाबून सोडू नका, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत दाबा. सेल्फ पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फचाही खर्च निघेल.

हे सगळं साध्या पंपाचं झालं. तुमची गाडी कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाईपातून डिझेल देणारी) निघाली तर नोझलकडच्या पाईपांना पाना लावूच नका. तिथे दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखान्यात जावं लागतं. त्या गाडीची हवा फक्त हातपंपानं किंवा टाकीतल्या विजेच्या पंपानं काढायची. आणि कॅनवरही सुरू झाली नाही, हवा निघाली, नोझलला डिझेल येतच नाही, तर पंपाकडे जायच्या आधी इंजिन बंद करायचा सोलेनॉइड (विजेचा खटका) किंवा ओढायची वायर अडकली आहे का बघा. तेही ठीक असेल तर मिस्त्रीचं बरोबर असू शकतं, तेव्हा खुशाल उतरवा.

फिल्टर बदलताना गाडीजवळ हेल्पर होता का? असेल तर त्याला बाजूला घेऊन विचारा, कोणता वायसर लावला. मालकासमोर तो सांगणार नाही.