पहिला सॅम्पलर घेताना

मेमरी कमी म्हणून पीओ-३३ हा सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे (सॅम्पल) रेकॉर्ड करून वाजवणारे यंत्र, नाकारू नकोस. त्यात ४० सेकंदांचा आवाज मावतो, तेवढा पुष्कळ झाला. १९८७च्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये जेमतेम १० सेकंद मावायचे, तरी लोकांनी त्यावर अख्खे अल्बम केले! मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगाची रेकॉर्ड ४५वर लावून सॅम्पल करायची, मग पिच (स्वराची उंची) खाली आणायचा. जागा वाचते, वर आवाज खरखरीत होतो. मला तर ती खरखरच जास्त आवडते.

एक सवय मात्र आत्ताच लाव: सॅम्पलची सुरुवात नीट काप. किकच्या (ड्रमच्या जड ठोक्याच्या) आधी केसभर शांतता राहिली तरी ठोका मागे पडतो, आणि तू उगाच स्विंगच्या (ठोके किंचित सरकवण्याच्या) सेटिंगशी झगडत बसशील. मी महिनाभर बसलो होतो. आणि हो, दोन ट्रिपल-ए सेल जास्तीचे जवळ असू देत.