रेव्हिटमध्ये भिंतीवरची केसिंग पट्टी आणि सर्किट एकमेकांना कसं जोडायचं?

तुमची अडचण मला समजली ती अशी: सांगलीत गावभागातल्या दुमजली घराचं वायरिंग पुरानंतर भिंतीच्या आतून काढून केसिंग-कॅपिंगमध्ये (भिंतीवर बसणारी झाकणाची पट्टी) घ्यायचं आहे. रेव्हिटमध्ये (इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) कंड्युट म्हणजे वायरीची नळी फक्त गोल मिळते, केबल ट्रेची (वायरी ठेवायची पन्हळ) पट्टी केली तर ती सर्किटशी जुळत नाही, आणि सर्किट करायला गेलं की पॅनेलच्या यादीत तुमचा डीबी (वीज वाटणारा मुख्य बोर्ड) दिसतच नाही.

पट्टी सर्किटशी जुळणार नाही, त्यामागे वेळ घालवू नका. रेव्हिटच्या दृष्टीने ट्रे म्हणजे नुसता आकार आणि लांबी. सर्किट म्हणजे लोड आणि बोर्ड यांचं नातं. दोन्ही वेगवेगळं करायचं आणि मधला दुवा आपण द्यायचा: केबल ट्रे या कॅटेगरीला ‘सर्किट क्रमांक’ नावाचा प्रोजेक्ट पॅरामीटर जोडा आणि प्रत्येक तुकड्यात ‘एल१, पी२’ असं त्यातून जाणाऱ्या सर्किटांचं नाव लिहून ठेवा. काम कंटाळवाणं आहे, पण पुढचा सगळा हिशेब यावरच चालतो.

पट्टीसाठी केबल ट्रेच वापरा. इलेक्ट्रिकल सेटिंग्जमध्ये ट्रेच्या साइझ यादीत १२, २५ आणि ४० मिमी वाढवा. आता खरी मेख. ट्रेची रुंदी आडवी धरली जाते, जमिनीला समांतर. म्हणून २५ × १२ ची पट्टी भिंतीला सपाट बसवायची तर रुंदी १२ आणि उंची २५ द्यायची, म्हणजे उलटं. रुंदी २५ दिली तर पट्टी फळीसारखी भिंतीतून बाहेर येते. उलट मापं दिली की त्याच भिंतीवर खाली वळणारा ड्रॉपही सपाटच राहतो. जस्टिफिकेशन (ट्रेची कोणती कड रेषेवर धरायची ते) डावं किंवा उजवं करून प्लास्टरच्या रेषेवरून काढा, सेंटर ठेवलं तर अर्धी पट्टी भिंतीत घुसते.

तयार बेंड रुंद ट्रेसाठी केलेले असतात, त्यांची त्रिज्या मोठी. खोलीच्या कोपऱ्यात ते मावत नाहीत आणि रेव्हिट जोड नाकारतं. ९० अंशाचा काटकोनी एल्बो आणि टी स्वतः करून ट्रेच्या टाइपमध्ये नेमून द्या. तसंच सरफेस बॉक्सचं. तयार सॉकेट फॅमिली (रेव्हिटमधले वस्तूंचे तयार नमुने) बहुधा भिंतीत बुडालेल्या असतात. फेस-बेस्ड, म्हणजे पृष्ठाला चिकटणारी फॅमिली घ्या, बॉक्स भिंतीच्या पृष्ठापासून ४०-५० मिमी बाहेर काढा आणि वरच्या बाजूला केबल ट्रे कनेक्टर (पट्टी जोडायची जागा) बसवा. हा कनेक्टर ९० अंशांत फिरलेला असेल तर पट्टी बॉक्सला नीट येऊन बसत नाही. दोष पट्टीत शोधत बसू नका, फॅमिली उघडून कनेक्टर फिरवा. फेस-बेस्डचा आणखी फायदा म्हणजे आर्किटेक्टचं मॉडेल लिंक असलं तरी बॉक्स त्याच्या भिंतीला चिकटतो. ट्रे मात्र कशालाच चिकटत नाही, भिंत सरकली की पट्टी हाताने सरकवावी लागते.

यादीत डीबी न दिसण्याचं कारण जवळजवळ नेहमी व्होल्टेज असतं. परदेशी फॅमिलीत १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. २३० ची व्होल्टेज डेफिनिशन करा, किमान २२०, कमाल २४०. मग लाइन-टू-ग्राउंड २३० असलेली डिस्ट्रिब्युशन सिस्टिम (बोर्डाचा वीजपुरवठा कसा आहे ते सांगणारी नोंद) करून ती डीबीला द्या. सॉकेटच्या कनेक्टरला २३० व्होल्ट आणि एक पोल. यातलं एक जरी चुकलं तरी डीबी यादीत येत नाही.

लांबीच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. रेव्हिट एका उपकरणावरून दुसऱ्यावर अशी साखळी धरून सर्किटची लांबी काढतं, तीही काटकोनात, भिंत मध्ये असली तरी आरपार. आपल्याकडे तसं वायरिंग होत नाही. डीबीतून वायर खोलीच्या स्विचबोर्डावर येते आणि तिथून प्रत्येक पॉइंटला वेगळी जाते. बिलातही सर्किट वायरिंग मीटरवर आणि पॉइंट वायरिंग नगावर मोजतात. म्हणून सर्किटमधून फक्त लोड घ्या. मीटर घ्यायचे ते ट्रेच्या शेड्यूलमधून (रेव्हिटचा मोजमापाचा तक्ता). डीबी ते स्विचबोर्ड पट्टीचा एक टाइप, स्विचबोर्ड ते पॉइंट दुसरा, म्हणजे बेरजा आपोआप वेगळ्या पडतात. एका पट्टीत दोन सर्किटं असतील तर लांबी गुणिले सहा वायर (फेज, न्यूट्रल, अर्थ प्रत्येकी दोन), शिवाय प्रत्येक बॉक्सात एक फूट आणि डीबीत एक मीटर शेपूट, म्हणजे जोडणीसाठी जास्तीची वायर. सर्किटच्या एडिट पाथमध्ये कस्टम मार्ग फक्त सर्वांत लांबच्या सर्किटचा काढा, व्होल्टेज ड्रॉप (लांब वायरीत घटणारं व्होल्टेज) तपासायला तेवढं पुरतं.

पट्टी किती भरायची हेही रेव्हिट सांगत नाही. २५ × १२ च्या आत २२ × १० धरले तर २२० चौ.मिमी जागा होते. ४० टक्के भरायची म्हणजे ८८. २.५ चौ.मिमीची वायर बाहेरून ४ मिमी धरली तर सात वायर होतात. दोन सर्किटं बसतात, तिसऱ्याला ४० मिमीची पट्टी लागते. कॅपिंग दाबून बसवावं लागत असेल तर पट्टी लहान पडली आहे.

आता पुराचं. सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरचा पाणीपातळीचा आकडा (२०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं) तुमच्या खोलीतली उंची सांगत नाही. भिंतीवर राहिलेला डाग मोजा, त्यावर एक फूट वाढवा आणि ‘पूररेषा’ नावाची लेव्हल (रेव्हिटमधली उंचीची रेषा) करा. प्रत्येक भिंतीच्या सेक्शनमध्ये ती दिसू द्या. आडवी पट्टी छताखालून न्या, ड्रॉप वरून खाली सोडा, जोड एकही पट्टीत ठेवू नका. डीबी वरच्या मजल्यावर, आणि तळमजल्याची सगळी सर्किटं ३० मिलिअँपिअरच्या स्वतंत्र आरसीसीबीवर (गळती होताच वीज तोडणारा स्विच), म्हणजे पाणी चढायला लागल्यावर खाली न उतरता तळमजला बंद करता येतो. सेक्शनमध्ये एखादा सॉकेट पूररेषेखाली राहिलेला दिसला तर तो वर घ्या, आणि सोयीसाठी खालीच हवा असेल तर त्याला वेगळा एमसीबी (एका सर्किटचा स्वयंचलित स्विच) द्या.